जन्म या रकान्याचा प्रकार

शाळेचा जुना प्रोग्राम बदलायचं काम शितलकडे आलं ते हेतलबेनमुळे. तलासरीजवळच्या त्या निवासी शाळेत शितल पहिली ते दहावी शिकली होती आणि हेतलबेन तेव्हापासून तिथलं ऑफिस सांभाळत होत्या. आता शितल वापीच्या एका कंपनीत प्रोग्रामर होती. एका दुपारी हेतलबेनचा फोन आला.

"बाहेरच्या माणसाला दिलं तर तो सगळं पुसून टाकेल ने. तू आपली मुलगी, तू नीट करशील. पण ह्या महिन्यात पाहिजे हं. वरून नवीन फॉर्म आलाय, त्यात सगळ्या मुलांची माहिती भरायची आहे."

शितलने तीन आठवड्यांची रजा टाकली आणि शाळेत येऊन राहिली.

तो प्रोग्राम रविंद्र सरांनी लिहिला होता, २००४ साली. सर गणित शिकवायचे. कुणीतरी शाळेला एक कंप्युटर भेट दिला, तो वर्षभर खोक्यातच पडून होता. शेवटी सरांनी मुंबईहून एक पुस्तक आणलं आणि स्वतःच शिकले. डहाणूहून सोमवारी एसटीने यायचे, शनिवारी परत जायचे. मधल्या दिवसांत वर्ग संपला की कंप्युटरसमोर बसायचे. प्रत्येक मुलाचं नाव, आईबाप, उंची, वजन, लसी, जन्म असं सगळं त्यात भरलेलं. वीस वर्षं शाळा त्याच्यावर चालली. सर निवृत्त झाले तरी कुणी त्याला हात लावला नाही, कारण तो कुणाला कळतच नव्हता.

अडचण अशी होती की सरांनी तो ज्या भाषेत लिहिला, त्या भाषेत कुठल्या नावाच्या डब्यात काय ठेवणार हे आधी सांगावं लागत नाही. आज आकडा ठेवा, उद्या शब्द ठेवा, भाषा तक्रार करत नाही. नवीन प्रोग्राम ज्या भाषेत हवा होता, तिथे मात्र प्रत्येक डब्याचा प्रकार आधी लिहून द्यायचा. ह्यात आकडाच राहील, ह्यात मजकूरच. म्हणजे सरांच्या नऊ हजार ओळींमधल्या प्रत्येक नावाचा प्रकार आधी शोधून काढायला हवा होता.

हाताने करायला गेली असती तर महिना पुरला नसता. म्हणून शितलने आधी एक छोटा प्रोग्राम लिहिला, सरांचा प्रोग्राम वाचणारा. तो सरांची प्रत्येक ओळ सुटी करायचा आणि बघायचा, ह्या नावात काय भरलं जातंय आणि पुढे त्याचं काय केलं जातंय. भागाकार केला असेल तर तो आकडा. शब्दांमधली आडवी रेघ बघून तुकडे केले असतील तर तो मजकूर. वाचून कळलं नाही तिथे तिने जुना प्रोग्राम दिवसभर चालवून पाहिला आणि कुठल्या डब्यात खरोखर काय येतं ते टिपून घेतलं. दोन्ही जुळवून यादी तयार झाली. डावीकडे सरांनी दिलेलं नाव, उजवीकडे त्याचा प्रकार.

जुन्या कंप्युटरच्या खोलीतच ती बसली होती. खिडकीतून हातपंप दिसत होता आणि पंपावर मुली बादल्या लावून उभ्या होत्या. यादी वाचता वाचता तिला सर ऐकू यायला लागले. सरांनी सगळी नावं मराठीतच दिली होती. कुणी चुकीचं काही टाइप केलं की चालणाऱ्या भागाचं नाव होतं 'पुन्हा_विचार'. कंप्युटर थांबून राहायचा त्या भागाचं नाव 'घाई_नको'. फळ्यावर गणित चुकलं की सर नेमकं हेच म्हणायचे, खडू न उचलता, मागच्या बाकाकडे बघत.

'उंची'समोर यादीत दोन प्रकार आले होते, पूर्ण अंक आणि दशांश. शितलला लगेच उमगलं का ते. पहिली दोन वर्षं सर भिंतीवर खुणा करून उंची मोजायचे, जवळच्या सेंटिमीटरला. मग मेडिकलवाल्याने पट्टी दिली आणि पॉइंट पाच, पॉइंट दोन सुरू झाले. भिंतीवर तिचीही खूण होती. आता तिथे रंग होता.

यादीत एक ओळ मात्र तिला कळेना.

जन्म : तारीख किंवा मजकूर किंवा पूर्ण अंक.

तारीख ठीक. मजकूरही तिने उघडून पाहिला. पाड्यावरच्या आयांनी जसं सांगितलं तसं सरांनी लिहून घेतलं होतं. 'पूल वाहून गेला त्या पावसात.' 'गंजाडच्या मामाचं लग्न होतं, त्याच्या आदल्या दिवशी.' 'मोह वेचायला जायचो तेव्हा पोटात होती, पुढे मोजा.' पण अंक कशाचा? सतरा, एकशे बारा, दोनशे तीन. साल म्हणावं तर एवढं लहान नसतं. वय म्हणावं तर दोनशे तीन कुणाचं असतं?

"चूक असेल," हेतलबेन म्हणाल्या. "सगळ्यांना एक जून टाक ने. दाखल्यावर तसंही एक जूनच आहे."

ते खरंच होतं. शितलच्या वर्गात अडतीस मुलं होती आणि त्यातल्या एकोणतीस जणांचा वाढदिवस एक जून. एक जूनला शाळेला सुट्टी असायची, त्यामुळे एकोणतीस जणांपैकी कुणाचाच कधी साजरा झाला नाही. शितलचाही दाखला तसाच होता.

तिने सहज स्वतःची नोंद उघडली. नाव शितल, आई बुधी. जन्मासमोर अंक होता, एक्केचाळीस. बाजूच्या 'दिवस' नावाच्या डब्यात आठ.

एक्केचाळीस नंबरची नोंद तिने उघडली. काळू. आई काळी. जन्म : 'खळ्यावर भात झोडणं चालू होतं तेव्हा.'

काळू तिच्याच पाड्यावरचा, तिच्याच वर्गातला. शेजारचं घर. सातवीत असताना त्याने शाळा सोडली आणि त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. का, ते शितलला तिच्या आईने कधी सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी बुधी गेली, तेव्हा ते विचारायचंही राहून गेलं.

रविवारी ती डहाणूला गेली.

सरांचं घर खाडीजवळ होतं. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि सरांची बायको संगिताकाकू ताडपत्रीवर जवळा पसरत होती. शितलला बघून तिने हात पदराला पुसले आणि आत हाक मारली, "अहो, तलासरीची पोरगी आलीय!" मग शितलला म्हणाली, "मोठ्याने बोल गं. त्यांना कमी ऐकू येतं आता."

सर बाहेर आले. केस सगळे पांढरे झाले होते, पण शर्टच्या खिशाला पेन तसंच होतं. शितलने वाकून नमस्कार केला आणि छापलेली यादी त्यांच्या हातात दिली. सरांनी चष्मा लावला. एकेक ओळीवर बोट ठेवत ते खाली उतरायला लागले, पेपर तपासायचे तसे.

"हे कुणी काढलं?"

"मी, सर. प्रोग्रामने काढलं. तुमचा प्रोग्राम वाचून."

"मला कुणी विचारलं असतं तर मला हे सांगता आलं नसतं," ते म्हणाले. "लिहिताना माहीत असतं गं. नंतर राहत नाही." त्यांचं बोट 'उंची'वर थांबलं आणि ते हसले. मग 'जन्म'वर आलं.

शितल मोठ्याने म्हणाली, "सर, इथे अंक कसा? चूक आहे ना?"

"चूक नाही. ती तुझी आई आहे."

शितलला वाटलं, सरांना नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. सरांनी यादी मांडीवर ठेवली.

"मी जुन्या रजिस्टरवरून सगळ्यांच्या नोंदी कंप्युटरमध्ये घेत होतो. शनिवारी आईबापांना बोलवायचो, खात्री करायला. बुधी आली. चिकूच्या वाडीवरून तशीच आली होती, हाताला चीक. मी विचारलं, पोरीचा जन्म कधीचा? ती म्हणाली, काळूच्या मागून आठ दिवसांनी. मी मान हलवली आणि एक जून टाकला, सगळ्यांना टाकायचो तसा. ती उठेना. म्हणाली, 'काय लिहिलंस गुरुजी?' मी म्हटलं, एक जून. 'जूनमधे कशी? तेव्हा भात कापून झालं होतं.' मी समजावलं की कंप्युटरला तारीखच लागते. तर ती त्या पडद्याकडे बघून म्हणते, 'मग एवढा मोठा डबा कशाला आणलास, खोटं ठेवायला?'"

संगिताकाकू दारात उभी राहून ऐकत होती. ती हसली. सर नाही हसले.

"दोन दिवस मला ते खुपत राहिलं. पहिल्यांदा मी त्या डब्यात मजकूर ठेवायची सोय केली. पण 'काळूच्या मागून' असा मजकूर ठेवला, तर कुठला काळू? आपल्या शाळेत तेव्हा पाच काळू होते. म्हणून मी काळूच्या नोंदीचा नंबर ठेवला. आकडा म्हणजे वय नाही, साल नाही. आकडा म्हणजे माणूस. मग तसं सांगणाऱ्या आणखी बाया निघाल्या. कुणी म्हणे ह्याच्या आधी, कुणी म्हणे तिच्या मागून. चाळीसेक असतील."

"चव्वेचाळीस," शितल म्हणाली.

"तुझ्या आईने माझा प्रोग्राम बदलायला लावला. तिला वाचता येत नव्हतं." सरांनी चष्मा काढला. "आठ दिवस तिला एवढे पक्के कसे आठवत होते, ते मी विचारलं होतं. ती म्हणाली, काळीला विचार, तिला जास्त ठाऊक. मी काही विचारलं नाही. तू विचार. काळूचं अच्छाडला टायरचं दुकान आहे. मागच्या वर्षी आमच्या रिक्षाचं चाक त्यानेच लावून दिलं, ओळखलं मला."

वापीला जाता-येता शितलची बस रोज अच्छाडवरून जायची. उभे ट्रक, धाबे, चहाच्या टपऱ्या तिला खिडकीतून पाठ होत्या. ती तिथे कधी उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरली. तिसऱ्या धाब्यापलीकडे टायर रचलेले दिसले. एक माणूस उकिडवा बसून ट्यूब पाण्यात बुडवत होता, बुडबुडे शोधत. तिने नुसतं "काळू" म्हटलं. त्याने वर बघितलं आणि ट्यूब त्याच्या हातून निसटली.

"शितल? तू इथे कशी?"

"तुझ्या आयसला भेटायचंय," ती म्हणाली. आईला त्यांच्याकडे आयस म्हणतात. हा शब्द तिच्या तोंडी बऱ्याच वर्षांनी आला होता.

काळू उठला. मग त्याने हात पुसले आणि दुकानामागच्या खोलीकडे बोट केलं.

काळी सुपात तांदूळ निवडत बसली होती. खूप वाळली होती. शितलने नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "बुधीची पोरगी. चाल तीच आहे." सूप बाजूला ठेवलं, पण 'बस' म्हणाली नाही.

शितल स्वतःच जमिनीवर बसली. "मला एवढंच विचारायचंय. माझा जन्म काळूच्या मागून आठ दिवसांनी झाला, असं आईने शाळेत सांगितलं होतं. तुला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? काळूची पाचवी पूजली. त्यानंतर तीन दिवसांनी तू. पाच आणि तीन आठ." काळीने बोटं मोजली. "खळ्यावर भात पडलेलं. बुधीला ताप चढला, भलताच. डोळे उघडीना. तू रडून रडून निळी पडलीस. सुईण म्हणाली, हिला आता कोणी पाजलं नाही तर ही राहत नाही. मी आठ दिवसांची बाळंतीण. एका बाजूला काळूला घेतलं, एका बाजूला तुला. बारा दिवस. तेराव्या दिवशी बुधीने डोळे नीट उघडले आणि पहिलं काय विचारलं? माझी कुठंय म्हणून. मी म्हटलं, माझ्याजवळ आहे, तू झोप."

बाहेर कुणीतरी हवा भरायचा पंप सुरू केला. काळीने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"मला कुणी सांगितलं नाही," शितल म्हणाली.

"ती काय सांगणार? भांडण झालं ना." काळीने तांदळातला एक खडा काढून फेकला. "काळूचा बाप अंथरुणाला खिळला, मी काळूला शाळेतून काढला. बुधी घरी आली. म्हणाली, त्याला काढू नको, आपण काहीतरी करू, दोघी मिळून. मी चिडले. म्हटलं, माझा पोरगा आहे, मी बघेन. तर ती म्हणते, माझी पोरगी तुझी होती तेव्हा मी तुझं-माझं केलं का? खरं बोलली होती. म्हणून तर राग आला. मग मी दार लावून घेतलं, आणि ते लावलेलंच राहिलं."

"तू आली नाहीस, ती गेली तेव्हा."

"आले होते. मोहाच्या झाडाखाली उभी होते. तुम्ही सगळे घाईत होतात, कोण बघतंय." मग तिने पहिल्यांदा शितलच्या हाताला हात लावला. "तिने सांगितलं होतं म्हणतेस, शाळेत? काळूच्या मागून म्हणून? माझं नाव घेतलं?"

"काळीला विचार, तिला जास्त ठाऊक, असं म्हणाली होती सरांना."

काळीने पदर तोंडाला लावला. शितल सरकून तिच्या शेजारी बसली आणि सूप आपल्याकडे ओढून तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळाने काळू चहाचे तीन ग्लास घेऊन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. शितलने त्याला सांगितलं, तेव्हा तो हातातला ग्लास खाली ठेवत म्हणाला, "म्हणजे सातवीत तू माझं पेन मोडलंस, ते बहिणीने मोडलं." तेव्हा कुठे तिघं हसले.

शाळेत परतल्यावर शितलने 'जन्म'चा प्रकार लिहायला घेतला. इतके दिवस ती त्याला एकाच साच्यात बसवायला बघत होती. आता तिने ते सोडून दिलं. नवीन भाषेत असा प्रकार लिहिता येतो की ही वस्तू तीनपैकी एक असेल, आणि कुठली ते प्रत्येक वेळी आधी विचारावं लागेल. तिने तीन नावं दिली. 'तारीख'. 'सांगणं'. 'मागून', ज्यात कुणाच्या मागून आणि किती दिवसांनी असे दोन भाग. प्रत्येकात एक डबा जास्तीचा घातला, जो सरांनी ठेवला नव्हता : कुणी सांगितलं. दाखल्यावरची तारीख तिने वेगळ्या डब्यात ठेवली, म्हणजे वरून आलेला फॉर्म त्या डब्यातून भरला जाईल आणि हेतलबेनचं काम अडणार नाही.

हेतलबेनना आधी ते पटलं नाही. "दोन-दोन जन्म? कोण वाचणार?" त्या पडद्यासमोर बसल्या, नुसतं बघायला म्हणून. अर्ध्या तासाने शितल पाहते तर त्यांचा जेवणाचा डबा उघडाच होता, थेपला तसाच, आणि त्या 'सांगणं'मधली एकेक नोंद खाली सरकवत होत्या.

"ही बघ," त्या म्हणाल्या. "'कैनाडला पाहुणी गेले होते, परतताना वाटेत झाला, रस्ता तेव्हा कच्चा होता.' ह्या मुलाला मी सात वर्षं रोज बघितलं. मला माहीत नव्हतं." मग जरा वेळाने म्हणाल्या, "राहू दे. दोन्ही राहू दे."

शेवटच्या दिवशी सगळ्या नोंदी नव्या प्रोग्राममध्ये चढवायच्या होत्या. हजारावर नोंदी सरसर गेल्या आणि मग प्रोग्राम एकदम अडकला. पडदा हलेना. शितलने शोध घेतला. मैना नावाच्या मुलीचा जन्म होता चिमीच्या मागून दोन दिवसांनी. प्रोग्राम चिमीकडे गेला, तर चिमीचा जन्म मैनाच्या मागून दोन दिवसांनी. तो बिचारा मैनाकडून चिमीकडे आणि चिमीकडून मैनाकडे फिरत बसला होता.

तिने सरांना फोन लावला. फोन संगिताकाकूने उचलला आणि प्रश्न सरांच्या कानात ओरडून सांगितला. पलीकडून सरांचं मोठं हसणं ऐकू आलं.

"सख्ख्या जावा त्यांच्या आया!" सर ओरडले. "दोघींना वाटायचं, आपली धाकटी. मोठी म्हटलं की आधी लग्नाचं बघावं लागेल ना. मी दोघींना एकदम बोलावलं, समोरासमोर बसवलं. तासभर भांडल्या. शेवटी शाळा सुटली."

"मग खरं कुणाचं, सर?"

"मला काय माहीत! तू बघ तुझ्या प्रोग्रामला काही कळतं का."

शितलने प्रोग्रामला एक नियम शिकवला. फिरून त्याच माणसापाशी आलास तर थांब, आणि दोघींच्या आयांनी सांगितलेलं शेजारी शेजारी दाखव. मग तिने पुन्हा चालवून पाहिलं. ह्या वेळी तो अडकला नाही. मैना आणि चिमी पडद्यावर एकाच ओळीत आल्या, आणि त्यांच्या खाली उरलेल्या नोंदी पुढे जाऊ लागल्या.